ससा की मेंढी? एसीएल पुनर्रचनेच्या प्रयोगासाठी प्राणी निवडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगी यांना जोडणारं लिगामेंट, हाडाला हाड बांधणारा बंध. तो तुटल्यावर त्याच्या जागी टेंडनचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा, तुकडा बसवतात; त्यालाच ग्राफ्ट म्हणतात. ग्राफ्टची टोकं हाडात पाडलेल्या बोगद्यात असतात. तो तिथे लवकर रुजावा म्हणून बोगद्यात प्रथिनयुक्त जेल भरून पाहायचं आहे. त्यासाठी ससा घ्यावा की मेंढी? १२ आठवडे पुरतील का? आणि सशात निकाल चांगला आला तर तो माणसाला लागू होईल का?

आधी थेट उत्तरं देतो. तुमच्या प्रश्नाला ससा पुरेसा आहे. १२ आठवड्यांची एकच वेळ धरलीत तर ती पुरणार नाही. तिसऱ्याचं उत्तर असं, की सशावरून माणसाबद्दल काही ठरवता येणार नाही. मेंढीपर्यंत जायचं की इथेच थांबायचं, एवढं नक्की ठरवता येईल. यामागची कारणं मात्र सविस्तर सांगायला हवीत. ती न समजता प्राणी निवडला की दोन वर्षं फुकट जातात आणि काही जनावरांचा जीव विनाकारण जातो. हे दुसरं मला जास्त लागतं.

'एसीएलची पुनर्रचना' हे एकच नाव असलं तरी आत निदान चार वेगळे प्रश्न आहेत. ऑपरेशनच्या दिवशी स्क्रूने किंवा बटणाने ग्राफ्ट किती घट्ट धरला आहे, हा पहिला. बोगद्यातला टेंडन हाडाशी कसा जुळतो, हा दुसरा. सांध्याच्या आत मोकळा असलेला ग्राफ्टचा मधला भाग कसा मरतो आणि पुन्हा कसा जिवंत होतो, हा तिसरा. आणि एवढं सगळं करून गुडघ्याची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) पुढच्या काही वर्षांत वाचते का, हा चौथा. चारही प्रश्नांना एकच प्राणी चालत नाही. तुमचा प्रश्न दुसरा आहे, आणि प्रयोगाच्या अर्जात तो तसाच स्पष्ट लिहा.

पहिल्या प्रश्नाला तर जिवंत प्राणी लागतच नाही. कत्तलखान्यातून मिळालेले डुकराचे गुडघे आणि गायीच्या पायाचे टेंडन घेऊन तो प्रयोग जगभर होतो. त्यात फक्त एवढं ध्यानात ठेवायचं, की तरुण डुकराचं हाड घट्ट असतं. तिथे स्क्रू जसा धरतो तसा तो पन्नाशीच्या माणसाच्या हाडात धरेलच असं नाही.

आता दुसरा प्रश्न. स्कॉट रोडिओ आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली कुत्र्यांवर केलेला प्रयोग या विषयात अजूनही पाया मानला जातो. त्यांनी एसीएलला हातच लावला नाही. पायाची बोटं सरळ करणारा एक टेंडन घेतला, नडगीच्या हाडात बोगदा पाडला आणि टेंडन त्यातून ओवला. मग २, ४, ८, १२ आणि २६ आठवड्यांनी तो ओढून पाहिला. सुरुवातीच्या आठवड्यांत टेंडन बोगद्यातून सरळ बाहेर आला. १२ आणि २६ आठवड्यांना मात्र बोगद्यातली पकड सुटेना, तुटायचं ते दुसरीकडेच तुटलं. सूक्ष्मदर्शकाखाली टेंडन आणि हाड यांच्यामध्ये कोलॅजन या प्रथिनाचे धागे दिसले, एका टोकाला टेंडनमध्ये आणि दुसऱ्या टोकाला हाडात रुतलेले. शार्पीचे तंतू म्हणतात ते हेच. ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे ग्राफ्टचा भार टाके आणि स्क्रूवरच असतो, ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. तिला आधार दिला तो असल्या साध्या मांडणीच्या प्रयोगांनी.

साध्या मांडणीची एक उणीव मात्र मोठी आहे. सांध्याबाहेरच्या बोगद्यात सांध्यातला द्रव शिरत नाही आणि गुडघा वाकताना होणारी घासाघासही नसते. सशाच्या खऱ्या एसीएल पुनर्रचनेत २००६ साली दिसलं, की बोगद्याच्या सांध्याकडच्या तोंडाशी ग्राफ्टची हालचाल सर्वांत जास्त होते आणि तिथलंच जुळणं सर्वांत मागे पडतं. म्हणून तुम्ही सांध्याबाहेरचा सोपा प्रयोग करू नका. ग्राफ्ट सांध्यातूनच न्या, आणि बोगद्याचं तोंड, मध्य आणि बाहेरचं टोक या तिन्ही ठिकाणच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळ्या वाचा. जेल मधल्या भागात उत्तम काम करतं आणि तोंडाशी सांध्यातल्या द्रवाबरोबर वाहून जातं, असं सहज होऊ शकतं. तिन्हींची सरासरी काढलीत तर हे कधीच दिसणार नाही.

यंत्रावरच्या चाचणीबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. सशाचा गुडघा घेऊन तुम्ही बसता. स्नायू, वाटी, कडेची लिगामेंट, मेनिस्कस (दोन हाडांमधली कूर्चेची उशी), सगळं कापून काढता. मांडीचं हाड आणि नडगी यांना जोडणारा तो एक धागा तेवढा उरतो, बुटाच्या नाडीइतका. सलाईनचा बोळा त्यावरून हलू द्यायचा नाही, पाच मिनिटं जरी वाळला तरी आकडा बदलतो. हाडं साच्यात घट्ट बसवायची, ग्राफ्ट ओढण्याच्या रेषेत आणायचा. आणि यंत्र सुरू करण्याआधी बाहेरून बांधलेले टाके कापायचे. हे शेवटचं काम विसरलात तर तुम्ही तुमच्या दोऱ्याची ताकद मोजता आणि तिला जेलचा परिणाम समजता. माझ्या पहिल्या प्रयोगात माझ्याकडून नेमकं हेच झालं. सहा गुडघ्यांचे आकडे टाकून द्यावे लागले. त्या सहा सशांची आठवण अजून जात नाही.

यंत्र हळूहळू ओढू लागतं. पडद्यावरची रेघ चढते, थोडी थरथरते आणि खाली कोसळते. त्या क्षणी सगळ्यांचे डोळे आकड्यावर असतात. तुम्ही गुडघ्याकडे बघा. टेंडन बोगद्यातून म्यानातून तलवार निघावी तसा गुळगुळीत बाहेर आला आहे, की त्याच्यावर हाडाचे कण चिकटून आले आहेत, की तो मधेच तंतू-तंतू होऊन फाटला आहे? पहिल्या प्रकारात तो रुजलाच नाही. दुसऱ्यात रुजायला लागला आहे. तिसऱ्यात बोगदा पक्का झाला आहे आणि कमजोरी मधल्या भागात सरकली आहे. दोन गटांचे आकडे सारखे आले आणि तुटण्याची जागा वेगळी आली, तर तो मोठा निकाल आहे. प्रत्येक गुडघ्याचा त्याच वेळी फोटो काढा.

तिसरा प्रश्न तुमचा नाही, तरी तो तुमच्या १२ आठवड्यांच्या आड येतो. ग्राफ्ट म्हणजे मूळ रक्तपुरवठ्यापासून तोडलेला टेंडन. सांध्यात गेल्यावर त्यातल्या बऱ्याच पेशी मरतात, बाहेरून नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या येतात, जुनं कोलॅजन विरघळतं आणि नवं बसतं. डेव्हिड अमिएल यांनी १९८६ साली सशांवरच्या अभ्यासात या बदलाला 'लिगामेंटायझेशन' हे नाव दिलं, म्हणजे टेंडनचं लिगामेंट होत जाणं. कुत्र्यांमध्ये ग्राफ्टला पुन्हा पूर्ण रक्तपुरवठा व्हायला साधारण २० आठवडे लागलेले दिसले. मेंढ्यांमध्ये ग्राफ्ट सर्वांत कमजोर आढळतो तो ६ ते ९ आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी होता त्यापेक्षाही बराच अशक्त. आणि मोठ्या प्राण्यांच्या अनेक प्रयोगांत वर्षभरानंतरही त्याची तुटण्याची ताकद मूळ एसीएलच्या निम्म्याच्या आसपासच राहते.

हा शेवटचा मुद्दा वाचून नवा माणूस घाबरतो. तरुण माणसाचं एसीएल तुटायला सुमारे २१६० न्यूटन लागतात, म्हणजे जवळपास २२० किलोचं ओझं; त्याच्या निम्म्यावर खेळाडू मैदानात कसा उतरेल, असं त्याला वाटतं. इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक, माणसांच्या ग्राफ्टमधून दुसऱ्या काही कारणाने दुर्बीण घालताना जे तुकडे घेतले गेले, त्यांत प्राण्यांमध्ये दिसते तेवढी पडझड दिसत नाही. बदल सावकाश होतो, पण ग्राफ्ट तेवढा मोडकळीला येत नाही. दोन, प्राण्याला कुबड्या देता येत नाहीत.

मेंढीचं ऑपरेशन पाहिलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. भूल उतरते, ती मान उचलते, दोन-तीनदा धडपडते आणि उभी राहते. त्याच दिवशी चारही पायांवर चाऱ्याकडे जाते. आपण रुग्णाला पहिल्या आठवड्यात किती वाकवायचं, किती भार द्यायचा, पट्टा कधी काढायचा हे लिहून देतो. मेंढीला कोण सांगणार? शिवाय मेंढीचा गुडघा माणसासारखा पूर्ण सरळ होतच नाही. ती कायम थोड्या वाकलेल्या गुडघ्यावर उभी असते. आत शिरायलाही जागा कमी. वाटीमागे चरबीची मोठी गादी असते, ती काढल्याशिवाय एसीएल दिसत नाही, आणि ग्राफ्टकडे येणारं रक्त बरंचसं त्याच गादीतून येतं. दिसावं म्हणून जे काढायचं, त्यानेच जुळणं मंदावण्याची शक्यता. म्हणून गादी किती काढायची हे आधी ठरवा आणि प्रत्येक जनावरात तेवढीच काढा. नाहीतर जेलचा परिणाम आणि गादीचा परिणाम यांची अशी गुंतागुंत होते की सुटत नाही.

मग मेंढी किंवा शेळी घ्यायचीच कशाला? आकारासाठी. वजन माणसाजवळ जातं, माणसाचीच अवजारं आणि स्क्रू वापरता येतात, एमआरआय नीट निघतो, वर्ष-दोन वर्षं सांभाळता येते. सशाचा बोगदा जेमतेम अडीच मिलिमीटरचा, माणसाचा साधारण नऊचा. छेदाचं क्षेत्रफळ जवळजवळ १३ पट होतं. जेल सशाच्या बोगद्यात सगळीकडे पोहोचलं म्हणून नऊ मिलिमीटरच्या बोगद्यात पोहोचेलच असं नाही. पण हा प्रश्न जेल मुळात काम करतं हे दिसल्यानंतरचा आहे. म्हणून आधी ससा.

डुकराबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण प्राण्यांपासून माणसापर्यंत नीट पोहोचलेलं उदाहरण विचाराल तर मी हेच देतो. तुटलेलं एसीएल नुसतं शिवलं तर ते का जुळत नाही, हा मार्था मरी यांचा प्रश्न होता. सांध्यातल्या द्रवामुळे दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि पेशींना ओलांडायला पूलच मिळत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. मग कोलॅजनचा स्पंज, त्यात रुग्णाचंच रक्त, असा पूल त्यांनी डुकरांच्या गुडघ्यात वर्षानुवर्षं तपासला. वर्षभरानंतर अशा दुरुस्तीची ताकद ग्राफ्टच्या तोडीची निघाली आणि कूर्चेचं नुकसान ग्राफ्टच्या गटापेक्षा कमी दिसलं. माणसांवरची पहिली चाचणी २०१५ साली सुरू झाली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने या उपचाराला मान्यता दिली. त्यांनी एकच प्रश्न धरला, त्याला जुळणारा एक प्राणी धरला आणि तो सोडला नाही. डुकराचं एसीएल माणसाशी तंतोतंत जुळत नाही; नडगीवर त्याच्या तंतूंच्या दोन जुड्यांच्या मध्ये बाहेरच्या मेनिस्कसचं टोक येतं. पण त्यांच्या प्रश्नाला त्याने बाधा येत नव्हती. पाळीव डुक्कर सहा महिन्यांत शंभर किलोच्या घरात जातं, म्हणून लांबच्या अभ्यासाला लहान जातीची डुकरं वापरतात.

उलट उदाहरणही तितकंच महत्त्वाचं. १९७० आणि ८० च्या दशकांत कार्बन फायबर, डेक्रॉन वगैरे कृत्रिम लिगामेंटं आली. प्राण्यांमध्ये त्यांच्याभोवती नवी ऊती वाढलेली दिसली आणि सगळे हुरळून गेले. माणसांत गेल्यावर काही वर्षांनी ती झिजली, तुटली, त्यांच्या कणांनी सांध्याचं अस्तर सुजलं. धावणाऱ्या माणसाच्या गुडघ्याची लाखो वाकणी पाहायला प्राण्यांमधल्या अभ्यासाचा काळ अपुरा होता. ऊती वाढते का, या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. धागा टिकतो का, या प्रश्नाचंही तेच उत्तर आहे असं मानलं गेलं. त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

कुत्रा आता या प्रयोगांत कमी वापरतात, आणि ते योग्यच आहे. कुत्र्यांना हा आजार आपसूक होतो. बहुतेकदा लिगामेंट हळूहळू झिजत जाऊन तुटतं, माणसासारखं एका उडीत नाही. नडगीच्या वरच्या पृष्ठभागाचा उतार त्यांच्यात २५ अंशांच्या आसपास असतो, माणसात साधारण ७ ते १०. म्हणून पशुवैद्य लिगामेंट बदलण्याऐवजी हाड कापून उतारच कमी करतात. बार्कले स्लोकम यांनी १९९३ मध्ये मांडलेलं ऑपरेशन ते हेच. आता ज्या माणसांचा ग्राफ्ट पुन्हा पुन्हा तुटतो आणि उतार फार आहे, त्यांच्यातही उतार कमी करण्याचं ऑपरेशन केलं जातं. लहान-मोठे उंदीर (माऊस आणि रॅट) यांची जागा वेगळी आहे: एखादा जीन बंद करून पाहायचा असेल, एखाद्या पेशीचा माग काढायचा असेल, तर तेच हवेत. तुमचं प्रथिन नेमकं कोणत्या पेशीवर काम करतं हे अजून माहीत नसेल, तर सशाआधी तिथे जाण्याचा विचार करा.

आता तुमच्या प्रयोगाची आखणी.

३, ६ आणि १२ आठवडे अशा तीन वेळा धरा आणि जमल्यास एक छोटा गट २६ आठवड्यांचा. ३ आठवड्यांना फरक दिसला आणि १२ ला दोन्ही गट सारखे झाले तर निराश होऊ नका. लवकर रुजणं हाच तुमचा दावा आहे. फक्त १२ च्या वेळी पाहिलं असतंत तर 'काही परिणाम नाही' असं लिहून बसला असतात.

गट तीन हवेत: नुसता ग्राफ्ट, ग्राफ्ट आणि रिकामं जेल, ग्राफ्ट आणि प्रथिनासकट जेल. मधला गट पैसे वाचवायला गाळला जातो. नुसत्या जेलने बोगद्यातली फट भरली, एवढ्यानेही फरक पडू शकतो.

ससे पूर्ण वाढ झालेले घ्या आणि हाडांची वाढरेषा बंद झाल्याचं एक्स-रेवर पाहा. नर-मादी दोन्ही घ्या; काही खेळांत ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून अधिक होते आणि प्रयोग मात्र एकाच लिंगावर उरकले जातात. दुसरा गुडघा निरोगी म्हणून तुलनेला वापरताना जपून, कारण ऑपरेशन झालेला पाय राखायला ससा त्याच्यावर जादा भार टाकतो. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करून संख्या दुप्पट दाखवायचा मोह टाळा, ते प्राण्याला क्रूर आहे आणि गणितातही चूक आहे. एक ससा म्हणजे एक नमुना. कोणता ससा कोणत्या गटात हे चिठ्ठीने ठरवा, आणि चकत्या वाचणाऱ्याला गट कळू देऊ नका. लिहिताना अराइव्ह (ARRIVE) ही प्राणी-प्रयोगांच्या अहवालासाठीची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवा. २०२० ची सुधारित यादी प्रयोगाआधीच वाचलीत तर पुढचा बराच त्रास वाचेल.

वेदनाशामकाचा विषय अवघड आहे. सूज कमी करणारी नेहमीची औषधं टेंडन आणि हाड यांचं जुळणं मंदावतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून काही जण ती देत नाहीत, आणि दुसरंही काही देत नाहीत. हे कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. नस बधिर करा, ब्युप्रेनॉर्फिनसारखं वेगळ्या प्रकारचं वेदनाशामक द्या, सर्व गटांना सारखं द्या आणि अहवालात लिहा. ससा दुखणं दाखवत नाही. कोपऱ्यात गप्प बसतो, आणि पाहणाऱ्याला तो शांत वाटतो. दुखलं की तो खायचं थांबवतो, खाणं थांबलं की आतडं थांबतं, आणि मग गुडघा उत्तम असूनही ससा दगावतो. ऑपरेशननंतरचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पिंजऱ्यातल्या लेंड्या मोजा. उचलताना मागचा भाग हाताने आधार देऊन उचला. मोकळ्या पायांनी जोरात लाथ मारली तर त्याचाच मणका मोडतो. हे काम कुणा मदतनिसावर सोपवून घरी जाऊ नका.

१९५९ साली रसेल आणि बर्च यांनी प्राणी-प्रयोगांसाठी तीन अटी मांडल्या: पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. माझा अनुभव असा, की या अटी पाळलेल्या प्रयोगाचे आकडेही कमी विखुरतात. दुखणारा, न खाणारा, घाबरलेला प्राणी सारखा निकाल देत नाही.

मेंढीकडे कधी जायचं, हे आत्ताच लिहून ठेवा, निकाल हातात येण्याआधी. मी असं लिहीन: ६ आठवड्यांना प्रथिनाच्या गटात तुटण्याची जागा बोगद्यातून ग्राफ्टच्या मध्याकडे सरकलेली असेल, रिकाम्या जेलच्या गटात तशी नसेल, आणि बोगद्याच्या सांध्याकडच्या तोंडाशीही धागे रुतलेले दिसतील, तरच पुढे. यातलं पहिलंच जमलं आणि तोंडाशी काही नसेल, तर जेल तिथे टिकवायचा उपाय आधी शोधायचा.

आणि अर्ज भरण्याआधी मांसासाठी कापलेल्या सशांचे दहा गुडघे मिळवा. भिंग लावून, नेहमीच्याच अवजारांनी, दहाही करा. पहिल्या दोन-तीनांत ड्रिल मागच्या भिंतीतून बाहेर जाईल, एखादं हाड फुटेल. दहाव्यापर्यंत हात बसतो. शेवटच्या पाच गुडघ्यांच्या एक्स-रेत बोगदा एकाच जागी दिसला, की मग अर्ज लिहायला बसा.